सूचना-चौकटीचे उघडणे-मिटणे आणि वापरकर्त्याची संमती : ई-पीक पाहणीच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :

मोबाईल ॲपच्या पडद्यावर मधोमध येणारी आणि उत्तर मिळेपर्यंत पुढील काम रोखून धरणारी सूचना-चौकट ही संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात एक किरकोळ बाब मानली जाते. ती उघडण्यास आज्ञावलीच्या चार-पाच ओळी पुरतात. ती मिटते कशी, कोणाच्या कृतीने मिटते आणि त्या मिटण्याचा अर्थ काय लावला जातो, हे प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतात. प्रस्तुत लेखात महाराष्ट्र शासनाच्या ई-पीक पाहणी उपक्रमाच्या संदर्भात आणि शिराळा तालुक्यासारख्या डोंगराळ, अतिपावसाच्या भागाची परिस्थिती समोर ठेवून या प्रश्नांचे विवेचन केले आहे. चौकट मिटणे म्हणजे संमती नव्हे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : सूचना-चौकट, मोबाईल ॲप, संमती, ई-पीक पाहणी, अँड्रॉइड.

१. प्रास्ताविक

गावातील कोणत्या गटात कोणते पीक उभे आहे याची नोंद गाव नमुना १२ मध्ये करण्याचे काम परंपरेने तलाठ्याकडे होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी उपक्रम राज्यभर सुरू झाला आणि ही नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाईलवरून, पिकाच्या अक्षांश-रेखांशासहित छायाचित्राच्या आधारे करावी, अशी व्यवस्था आली. या नोंदीचे महत्त्व केवळ कागदोपत्री नाही. पीककर्ज, पीकविमा, किमान आधारभूत किमतीने होणारी खरेदी आणि नैसर्गिक आपत्तीनंतरची मदत या सर्व ठिकाणी सात-बारावरील पिकाची नोंद पाहिली जाते. कृष्णा-वारणा खोऱ्याने २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी महापूर अनुभवले. पुरानंतर शेतात पीक उरत नाही. उरते ती नोंद. तीही चुकीची असेल किंवा मुळात झालीच नसेल, तर शेतकऱ्याजवळ दाखविण्यासारखे काही राहत नाही.

ही नोंद घडते वा बिघडते ती पुष्कळदा पडद्यावरील एका लहानशा चौकटीपाशी. म्हणून तिचा विचार गांभीर्याने करणे आवश्यक ठरते.

२. सूचना-चौकट : स्वरूप

सूचना-चौकटीचे तीन घटक असतात : शीर्षक, संदेश आणि बटणे. अँड्रॉइड प्रणालीत 'अलर्टडायलॉग' या वर्गाच्या साहाय्याने ती तयार केली जाते. तिच्यात जास्तीत जास्त तीन बटणे ठेवता येतात : होकारार्थी, नकारार्थी व तटस्थ. 'बिल्डर'कडे शीर्षक, संदेश आणि बटणे सोपवून 'शो' ही आज्ञा दिली की चौकट दिसू लागते. ॲपलच्या आयओएस प्रणालीत २०१४ साली आलेल्या आठव्या आवृत्तीपासून 'यूआयअलर्टकंट्रोलर' हा वर्ग हेच काम करतो.

चौकट उघडी असताना तिच्यामागील पडदा दिसतो, परंतु वापरता येत नाही. वापरकर्त्याचे काम थांबवून त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार ॲप येथे स्वतःकडे घेते. हा अधिकार वारंवार वापरला, तर त्याचे वजन कमी होते. अनावश्यक सूचनांना कंटाळलेला वापरकर्ता न वाचताच बटण दाबू लागतो आणि खरोखर महत्त्वाची सूचनाही त्याच सवयीने मिटवितो.

३. मिटविण्याचे प्रकार

उघडण्याचा मार्ग एक असला तरी मिटण्याचे मार्ग अनेक आहेत. अँड्रॉइडपुरते पाहिल्यास पुढील चार मार्ग संभवतात.

(अ) बटण दाबून मिटणे : कोणतेही बटण दाबले की त्यास जोडलेली कृती घडते आणि चौकट आपोआप मिटते. भरलेली माहिती अपुरी असली तरीही ती मिटते. ती उघडी ठेवावयाची असल्यास 'शो'नंतर त्या बटणास वेगळी कृती जोडावी लागते.

(आ) बाहेर स्पर्श करून किंवा मागे जाण्याच्या खुणेने मिटणे : यास 'कॅन्सल' म्हणतात. येथे वापरकर्त्याने होकारही दिलेला नसतो आणि नकारही. ही घटना आज्ञावलीस स्वतंत्रपणे कळविली जाते, परंतु ती ऐकण्याची तरतूद प्रोग्रामरने केली असेल तरच तिचा उपयोग होतो.

(इ) ॲपने स्वतः मिटविणे : काम पूर्ण झाल्यावर 'डिसमिस' या आज्ञेने चौकट काढून घेतली जाते. 'कॅन्सल' झाले की 'डिसमिस'ही घडते. परंतु प्रत्येक 'डिसमिस'मागे 'कॅन्सल' असतेच असे नाही. हा भेद विद्यार्थ्यांच्या ध्यानात बहुधा राहत नाही. मिटण्याच्या प्रत्येक घटनेवर 'माहिती साठवा' ही कृती टांगून ठेवली, तर रद्द केलेली नोंदही साठविली जाते.

(ई) प्रणालीमुळे नाहीशी होणे : मोबाईल आडवा धरला की पडदा नव्याने बांधला जातो. केवळ 'अलर्टडायलॉग' वापरून उघडलेली चौकट अशा वेळी उत्तराविना नाहीशी होते. हे टाळण्यासाठी २०११ साली अँड्रॉइडच्या ३.० आवृत्तीबरोबर 'डायलॉगफ्रॅगमेंट' ही रचना आली. तिच्यामुळे पडदा पुन्हा बांधला गेल्यावर चौकटही पुन्हा उभी राहते.

बाहेरील स्पर्शाने चौकट मिटू नये यासाठी 'सेटकॅन्सलेबल' या आज्ञेस 'फॉल्स' असे मूल्य देता येते. आयओएसमध्ये मध्यभागी येणारी सूचना-चौकट मुळातच बाहेरील स्पर्शाने मिटत नाही. फ्लटर या साधनात चौकट बाहेरील स्पर्शाने मिटल्यास उत्तराच्या जागी 'नल', म्हणजे रिक्त मूल्य, परत येते. ही व्यवस्था बोधप्रद आहे. उत्तरे दोन नसून तीन आहेत, याची जाणीव ती प्रोग्रामरला करून देते : होय, नाही आणि उत्तर दिलेले नाही.

४. शिराळ्याच्या परिस्थितीत चौकट

सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुका जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी तालुक्यांहून सर्वस्वी वेगळा आहे. त्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कुशीत, चांदोली धरण आणि राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात येतो. पाऊस भरपूर पडतो आणि खरिपात भात हे तेथील महत्त्वाचे पीक असते. पीक पाहणी शेतात उभे राहून करावयाची असल्याने वर सांगितलेले चारही प्रकार येथे प्रत्यक्ष अडचणीचे रूप घेतात.

पहिली अडचण पाण्याची. मोबाईलचा स्पर्शपडदा विद्युतभारातील बदल ओळखून काम करतो. पडद्यावर पावसाचे थेंब पडले अथवा बोटे ओली असली, तर नको तेथे स्पर्श नोंदला जातो आणि हवा तेथे नोंदला जात नाही. भाताच्या खाचरात उभ्या असलेल्या शेतकऱ्यापुढील चौकट एका थेंबाने मिटू शकते. अशा मिटण्यास होकार मानणे सर्वथा अयोग्य होय.

दुसरी अडचण स्थाननिश्चितीची. ई-पीक पाहणीची दुसरी आवृत्ती १ ऑगस्ट २०२२ पासून आली. तीत शेतकरी निवडलेल्या गटापासून दूर असल्यास तसा संदेश ॲपमध्ये दर्शविण्याची सोय करण्यात आली. ही सूचना उपयुक्त आहे, कारण घरबसल्या केलेल्या नोंदींना तिने आळा बसतो. परंतु मोकळ्या आकाशाखालीही साधारण मोबाईलच्या स्थाननिश्चितीत सुमारे ५ मीटरचा फरक संभवतो. दरीत, झाडीखाली वा कड्यालगत तो वाढतो. डोंगरउतारावरील तुकडे अरुंद असतात. आपल्याच बांधावर उभ्या असलेल्या माणसास 'तुम्ही दूर आहात' असे सांगितले गेले, तर त्याने काय करावे? अशा चौकटीत केवळ 'ठीक आहे' हे एकच बटण असणे पुरेसे नाही. 'पुन्हा स्थान तपासा' हा मार्गही तेथे हवा. ज्या सूचनेतून पुढे जाण्याचा रस्ता दिसत नाही, ती सूचना नसून नुसती अडवणूक ठरते.

तिसरी अडचण संपर्काची. डोंगरआड संपर्क तुटतो, माहिती पाठविल्यावर उत्तर उशिरा येते. तोपर्यंत शेतकऱ्याने ॲपचा तो पडदा सोडलेला असतो. बंद झालेल्या पडद्यावर चौकट उघडण्याचा प्रयत्न झाल्यास अँड्रॉइड 'बॅड टोकन' हा दोष देते आणि ॲप अचानक बंद पडते. नोंद पोहोचली की नाही, हे शेतकऱ्यास कळत नाही. तो ती पुन्हा भरतो किंवा झाली असे समजून स्वस्थ बसतो. यावर उपाय अवघड नाही. पडदा अद्याप जिवंत आहे किंवा कसे हे आधी तपासावे, निष्पत्ती मोबाईलमध्ये साठवून ठेवावी आणि शेतकरी ॲपमध्ये परतल्यावर ती दाखवावी. 'नोंद मोबाईलमध्ये साठविली आहे' आणि 'नोंद शासनाकडे पोहोचली आहे' ही दोन वाक्ये कधीही एकाच चौकटीत मिसळू नयेत.

५. शब्दांचा प्रश्न

चौकटीतील भाषा हा तांत्रिक नव्हे तर भाषिक प्रश्न आहे आणि येथे मराठीच्या अध्यापकांचे साहाय्य मोलाचे ठरेल. ॲपलच्या लिसा संगणकाची घडण चालू असताना होकाराच्या बटणावर 'डू इट' असे शब्द होते. चाचणीतील एका वापरकर्त्याने ते 'डोल्ट', म्हणजे मूर्ख, असे वाचले आणि संगणक आपणास मूर्ख का म्हणतो, असा प्रश्न केला. पुढे त्या जागी 'ओके' आले, अशी हकीकत त्या गटातील मंडळींनी नोंदविली आहे.

मराठीत असे घोटाळे अधिक सहज होतात. 'ही नोंद रद्द करायची आहे का?' या प्रश्नाखाली 'रद्द करा' आणि 'ठीक आहे' अशी दोन बटणे दिली, तर कोणत्या बटणाने नोंद जाईल? इंग्रजीतील 'कॅन्सल'चे ठरावीक भाषांतर जसेच्या तसे वापरल्याने प्रश्नातील क्रिया आणि माघार घेण्याचे बटण यांसाठी एकच शब्द येतो. त्याऐवजी 'नोंद काढून टाका' आणि 'नोंद राहू द्या' अशी बटणे दिल्यास प्रश्न न वाचताही अर्थ कळतो. तसेच 'साठविल्याशिवाय बाहेर पडायचे नाही ना?' अशा नकारयुक्त प्रश्नास 'हो' आणि 'नाही' ही दोन्ही उत्तरे संदिग्ध ठरतात. बटणावर होकार-नकाराऐवजी क्रिया लिहावी, हा नियम मराठीसाठी विशेष उपयुक्त आहे.

अनेक घरांत वडीलधाऱ्यांसाठी मोबाईल हाताळण्याचे काम मुले-नातवंडे करतात. संदेश मोठ्याने वाचून दाखविला जाईल, हे गृहीत धरून तो एका श्वासात वाचता येईल एवढाच असावा.

६. विचारावे की दुरुस्त करू द्यावे?

महत्त्वाच्या कृतीपूर्वी 'तुमची खात्री आहे का?' असे विचारले की जबाबदारी संपली, असा एक समज आढळतो. तो फसवा आहे. १३ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेच्या हवाई राज्यात क्षेपणास्त्र येत असल्याचा खोटा इशारा नागरिकांच्या मोबाईलवर गेला. तो पाठविणाऱ्या कर्मचाऱ्यापुढे खात्री विचारणारी चौकट आली होती. त्याने होकार दिला, कारण हल्ला खरा आहे असा त्याचा समज झाला होता. चुकीची समजूत असलेल्या माणसाची खात्रीही चुकीचीच असते. चूक सुधारणारा संदेश मोबाईलवर जाण्यास ३८ मिनिटे लागली. तेथे उणीव केवळ प्रश्नाची नव्हती. दिलेले उत्तर मागे घेण्याची तयार सोय नव्हती.

या दृष्टीने ई-पीक पाहणीच्या दुसऱ्या आवृत्तीतील एक तरतूद लक्षणीय होती. शेतकऱ्याने केलेली नोंद ४८ तासांच्या आत त्यास स्वतः एकदा दुरुस्त करता येत असे. तंत्राच्या भाषेत ही 'अनडू'ची सोय होय. पावसात, घाईत वा गैरसमजाने दाबल्या गेलेल्या बटणावर दहा सूचना-चौकटींपेक्षा अशी एक मुदत अधिक परिणामकारक ठरते. रब्बी हंगाम २०२४ पासून ही पाहणी डिजिटल क्रॉप सर्व्हेच्या नव्या ॲपद्वारे होऊ लागली. ॲप बदलले तरी तत्त्व बदलत नाही : जे दुरुस्त करता येते त्यासाठी अडवू नये, जे दुरुस्त करता येत नाही त्यासाठीच थांबवून, स्पष्ट शब्दांत विचारावे.

७. निष्कर्ष

१. सूचना-चौकट मिटण्याचे किमान चार मार्ग असून प्रत्येकाचा अर्थ प्रोग्रामरने आधीच ठरवावयास हवा.
२. उत्तराविना मिटलेली चौकट ही संमती नव्हे. अशा वेळी माहिती पूर्वस्थितीत राहावी.
३. ज्या चौकटीच्या उत्तरावर हक्क किंवा पैसा अवलंबून आहे, ती बाहेरील स्पर्शाने मिटू देऊ नये.
४. अडचण सांगणाऱ्या चौकटीत त्यातून बाहेर पडण्याचा मार्गही द्यावा.
५. बटणावर 'ठीक आहे' याऐवजी घडणारी क्रिया लिहावी.
६. खात्री विचारण्यापेक्षा दुरुस्तीची मुदत देणे शक्य असेल तेथे ती द्यावी.

८. समारोप

बी.सी.ए. व बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासताना चौकट उघडते किंवा नाही एवढेच पाहिले, तर विद्यार्थी तेवढेच शिकतो. मोबाईल आडवा करून, संपर्क बंद ठेवून, पडद्यावर पाण्याचा हात लावून आणि बाहेर स्पर्श करून चौकट कशी वागते हेही परीक्षकाने पाहावे. या चार चाचण्यांस पाच मिनिटेही लागत नाहीत. ग्रामीण महाविद्यालयातून बाहेर पडणारा विद्यार्थी उद्या ज्या ॲपची आज्ञावली लिहील, ते ॲप कदाचित त्याच्याच वडिलांच्या हातात, त्यांच्याच बांधावर उघडले जाणार आहे. तेथे मिटलेल्या चौकटीचा अर्थ चुकीचा लावला गेला, तर त्याची किंमत सात-बाराच्या उताऱ्यावर मोजावी लागेल.