बालकल्याणसंस्थेतील शिक्षण-व्यवस्थापकाचे भाषिक कार्य

बालकल्याणसंस्थेचे शिक्षण-कार्यक्रम चालविणे हा भाषाशास्त्राच्या पदवीधरास योग्य असा व्यवसाय आहे, याची चर्चा आपल्या विभागांतून क्वचितच होते. निधी मिळविणे, शिक्षक नेमणे व अहवाल धाडणे ही व्यवस्थापकाची कामे सर्वांच्या परिचयाची आहेत. परंतु त्याचे काही महत्त्वाचे निर्णय मूलतः भाषिक असतात, हे येथे दाखवावयाचे आहे.

या कार्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले. पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कार्य कोसबाडच्या आदिवासी परिसरात गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्याकडे जावे, या विचारातून अंगणवाडी निघाली व गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. शाळेचे स्थळ व वेळ मुलाच्या जीवनक्रमावरून ठरवावी, हे तत्त्व त्यातून सिद्ध झाले. वाचनाच्या परीक्षेस मात्र ते अद्याप पुरतेपणी लागू झालेले नाही.

१९९५ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ‘असर’ ही पाहणी होऊ लागली. तीत मूल अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद व दुसरीच्या पातळीची गोष्ट यांपैकी कोठवर वाचू शकते, ते पाहतात. संस्थांच्या वर्गांतही अशाच चाचणीवरून, इयत्तेकडे न पाहता, मुलांचे गट पाडतात. अर्थात परीक्षकाच्या एका खुणेवर मुलाचे पुढील कित्येक आठवडे अवलंबून राहतात.

आता ‘चार’ व ‘चारा’ हे शब्द घ्या. लिपीत ‘च’ एकच. उच्चार मात्र पहिल्यात तालव्य व दुसऱ्यात दंत्य. हिंदीभाषक घरातील मूल ‘चारा’ तालव्य उच्चाराने वाचील. ही वाचनाची चूक नव्हे. अक्षर त्याने अचूक ओळखले आहे. तिला चूक मानणारा परीक्षक वाचता येणाऱ्या मुलास पुन्हा मुळाक्षरे गिरवावयास बसवितो. याउलट एखादे मूल परिच्छेद अस्खलित वाचते, परंतु त्यातील शब्द त्याच्या घरच्या बोलीत नसल्याने त्यास अर्थबोध होत नाही. ते मात्र उत्तीर्ण ठरते. पहिल्यावर अन्याय होतो, दुसऱ्याची अडचण झाकली जाते.

म्हणून व्यवस्थापकाने तीन गोष्टी कराव्यात. उच्चारभेद व वाचनदोष यांतील फरक परीक्षकांस उदाहरणांनी शिकवावा. वाचनानंतर मुलाच्या बोलीत एखादा प्रश्न विचारावा. आणि देणगीदारांस धाडावयाच्या अहवालात उच्चारण व आकलन यांचे आकडे वेगळे द्यावेत. यांस फारसा खर्च लागत नाही. ध्वनिविचाराचे व बोलीभेदाचे ज्ञान मात्र लागते. ते आपल्या विद्यार्थ्यांजवळ आहे. त्याचा उपयोग प्रबंधापुरताच राहावा, असे मानण्याचे कारण नाही.