चौकटीच्या कडेची माणसं

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातली एक बाई माझ्या दुकानात आली. १९९३ साली तिच्या लग्नाचे फोटो मी काढले होते. तिची आई वारली होती आणि वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला घरात आईचा एकही फोटो नव्हता. "भाऊ, माझ्या लग्नात आईचा एखादा निघाला असंल का?" तिने विचारलं.

मी निगेटिव्हचं पाकीट काढलं. छत्तीसचे दोन रोल होते. मामा होते, करवल्या होत्या, आहेर देणारे पाहुणे होते, रुखवताची भांडीसुद्धा होती. आई नव्हती. वडील आधीच गेलेले असल्यामुळे हळदीला ती पुढे आली नव्हती, मांडवातही उभी राहिली नव्हती. तिला बोलवा असं मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तासाभराने हळदीच्या एका फोटोत ती सापडली. मागे, घराच्या दारात, खांबाआड अर्धी झाकलेली. निगेटिव्हवर तो चेहरा तिळाएवढा होता. मोठा केल्यावर डोळे नीट दिसेनात, पण पदर धरायच्या पद्धतीवरून लेकीने आईला ओळखलं.

त्या दिवसापासून मी जुनी पाकिटं पुन्हा उघडून पाहू लागलो. जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगरी भागात चाळीस वर्षं लग्नांचे फोटो काढल्यावर मला जे कळलं ते थोडक्यात असं: ज्यासाठी पैसे मिळाले तो चौकटीचा मध्य सगळीकडे सारखाच आहे. या मुलखाचा इतिहास चौकटीच्या कडेला आहे, आणि आज नाश पावतो आहे तोही तोच.

डोंगर, मुहूर्त आणि उजेड

या दोन तालुक्यांचे दोन भाग पडतात. पूर्वेला नारायणगाव, मंचर, ओतूर हा बागायती पट्टा. पश्चिमेला नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर या बाजूचा सह्याद्री, महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या, पावसावरचं भात आणि हिरडा. पूर्वेकडची लग्नं पुढे मंगल कार्यालयांत गेली. पश्चिमेकडची बराच काळ अंगणातच राहिली. चैत्र-वैशाखात एका बाजूला बाळहिरडा वाळत पडलेला आणि दुसऱ्या बाजूला मांडव, असं दृश्य नेहमीचं होतं. पाऊस सुरू झाला की ओढे भरतात, वाटा बंद होतात, म्हणून लग्नं त्याआधी उरकायची.

फोटोवाल्याची खरी अडचण चढणीची नव्हती, उजेडाची होती. गोरज मुहूर्त म्हणजे संध्याकाळ. पत्रिकेवर सहा-चाळीस छापलेलं असतं, पण पश्चिमेला उंच धार असलेल्या खोऱ्यात ऊन त्याच्या तासभर आधीच डोंगराआड जातं. मुहूर्त कधी वेळेवर लागत नाही. मंगलाष्टकांना सुरुवात होईपर्यंत अंधार पडलेला असायचा. विजेचा भरवसा नसायचा. एखादा बल्ब, नाहीतर पेट्रोमॅक्स, आणि माझ्या हातातला फ्लॅश एवढ्यावर लग्न लागायचं.

फ्लॅशचा एक नियम आहे. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो, तिप्पट झालं की नवव्या हिश्शावर. नवरा-नवरी माझ्यापासून दोन मीटरवर असतील तर सहा मीटरवरच्या माणसाला त्यांच्या नवव्या हिश्शाएवढाच उजेड मिळतो. फोटोत तो माणूस काळा पडतो. म्हणून त्या काळातला अंतरपाटाचा कुठलाही फोटो पाहा: मुंडावळ्या लखलखीत आणि मागे काळी भिंत. ती भिंत नसते, तिथे अख्खं गाव उभं असतं. फ्लॅशने ते पुसलेलं असतं.

हळद मात्र दिवसाउजेडी लागायची. तिथे फ्लॅशची गरज नव्हती, त्यामुळे मागचं सगळं आलं. कुडाची भिंत, कौलं, जांभळाच्या डहाळ्या टाकलेला मांडव, पाण्याचे हंडे, चुलीपाशी बसलेल्या बायका, वाजंत्री, गुरं. हे फोटो गिऱ्हाइकाला कधीच आवडले नाहीत. "मागचं कशाला घेतलं?" अशी तक्रार यायची. अल्बममधून तेच आधी वगळले जायचे. आज त्या वगळलेल्या निगेटिव्हच माझ्याकडचा सगळ्यात मोलाचा ऐवज आहेत.

छत्तीसांत कोण बसतं?

मी सुरुवात केली तेव्हा १२० च्या रोलवर बारा फोटो निघत. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल तेव्हा मिळायचा. नंतर पस्तीस मिलिमीटरचा छत्तीसचा रोल आला. काळजीने भरला तर सदतीस, कधी अडतीसही निघत. प्रत्येक फोटोला पैसे पडायचे, त्यामुळे कोण घ्यायचं याचा हिशोब मनात सतत चालू असायचा. मानपानाची यादी ठरलेली: मामा, आत्या, पुढारी, सावकार, घड्याळ किंवा भांडं आहेर देणारा. स्वयंपाक करणारी बाई यादीत नसायची. वाजवणारा नसायचा. विधवा आई नसायची.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. ते वाचताना मला माझी पाकिटं आठवली. ही प्रथा आम्ही फोटोवाल्यांनीही चालवली होती. घरच्यांनी जिला बाजूला ठेवलं तिला आम्ही चौकटीबाहेर ठेवलं. "आईला बोलवा" हे दोन शब्द म्हणायला रोल लागत नव्हता.

फोटोला पुढे सरकारी किंमतही आली. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा १९९८ चा अधिनियम आहे आणि खेड्यात ग्रामसेवक हा विवाह निबंधक असतो. नोंदणीच्या कागदांत लग्नपत्रिकेबरोबर लग्नाचा फोटोही मागतात. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिल्यावर दुकानात वेगळीच माणसं येऊ लागली. पंधरा-वीस वर्षांपूर्वी लग्न झालेली जोडपी हार घातलेला एक फोटो शोधत यायची. ज्या घरात अल्बम परवडला नव्हता त्या घराचा एखादा फोटो माझ्याकडे पडून असे, तोच कामी यायचा.

मागचा पडदा

लग्नाच्या फोटोत पार्श्वभूमी बदलण्याची हौस आजची नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्यातल्या विल्यम जॉन्सन याने १८६३ आणि १८६६ साली मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांतल्या अनेक चित्रांत माणसांचा फोटो एकीकडे काढलेला आणि मागचं दृश्य दुसरीकडचं जोडलेलं आहे. जॉन्सनला माणूस नमुना म्हणून हवा होता, त्याचं घर नको होतं. डिजिटल अल्बम आले तेव्हा आम्हीही तेच केलं. नवरा-नवरीला कापून बर्फाच्या डोंगरापुढे उभं केलं. खिडकीतून ढाकोबा दिसत असताना आम्ही स्वित्झर्लंड लावत होतो. आता प्री-वेडिंगसाठी शहरातली जोडपी याच डोंगरांत येतात आणि इथली मुलं समुद्रावर जातात, एवढाच फरक.

पार्श्वभूमीची किंमत ती गेल्यावर कळते. घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव हे नाव पडलं ते गावच पाण्याखाली गेलं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, नाव मात्र बुडालेल्या गावाचं आहे. धरणाआधी त्या खोऱ्यात मुद्दाम फोटो काढायला कोण जाणार? लग्न असेल तरच कॅमेरा जायचा. एखाद्या घरातून कुणी आजोबांच्या लग्नाचा फोटो घेऊन येतं तेव्हा मी नवरदेवाआधी मागची ओसरी पाहतो, तिथला पार पाहतो. ती जागा आता कुठे आहे हे मला ठाऊक असतं.

आणि माळीण. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि दीडशेच्या वर माणसं गेली. घराबरोबर घरातल्या ट्रंका जातात, ट्रंकेतला अल्बम जातो. त्या दुर्घटनेनंतर मला एक साधी गोष्ट कळली. गेलेल्या माणसाचा फोटो त्याच्या घरात उरत नाही, तो उरलाच तर पाहुण्यांच्या घरी उरतो किंवा फोटोवाल्याकडे उरतो. मला मात्र मान वर करून बोलता येत नाही. दुकान बदलताना १९८८ च्या आधीची सगळी पाकिटं मी स्वतः रद्दीत टाकली होती. जागा नव्हती.

काय टिकतं, काय नाही

ब्लॅक अँड व्हाइट फोटोत चांदीचे कण असतात. फोटो हायपोमध्ये नीट राहिला असेल आणि पुढे भरपूर पाण्यात धुतला असेल तर तो आपल्यापेक्षा जास्त जगतो. रंगीत फोटोत चांदी उरत नाही, तीन रंगद्रव्यं उरतात. जुन्या कागदावर त्यांतलं निळसर द्रव्य अंधारातही विरतं, म्हणून ट्रंकेतले जुने रंगीत फोटो तांबूस झालेले दिसतात. भिंतीवरचे उजेडाने फिके पडतात ते वेगळंच.

निगेटिव्हचा शत्रू इथला पाऊस. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो आणि जिलेटिन हे बुरशीचं अन्न आहे. चार महिने दमट हवा लागली की जाळ्या धरतात. पाकिटाला आंबूस, शिरक्यासारखा वास येऊ लागला तर फिल्मचा पायाच सडतो आहे असं समजावं. व्हिडिओ कॅसेटींनाही बुरशी लागते, आणि ती लागली नसली तरी त्या लावायला यंत्र कुठे उरलंय? हार्ड डिस्क तर न सांगता एका दिवसात जाते. २००५ नंतरची काही लग्नं माझ्याकडे शिल्लक नाहीत, १९९३ ची आहेत.

उपाय महागडे नाहीत. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो काढून साध्या कागदाच्या पाकिटात ठेवावेत. निगेटिव्ह कोरड्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवाव्यात. मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर निगेटिव्ह धरून दुसऱ्या मोबाइलने तिचा फोटो घेता येतो, काम चालण्यापुरता तो पुरतो. त्याच्या प्रती दोन-तीन घरांत असाव्यात. आणि आपल्या गावातला स्टुडिओ बंद होत असेल तर रद्दीवाल्याच्या आधी आपण तिथे पोचावं.

शेवटचा उपाय सगळ्यात सोपा आणि कुणीच न केलेला. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांच्या राजघराण्याच्या मूर्ती एका रांगेत कोरलेल्या होत्या. एका अर्थाने तो आपल्या तालुक्यातला सगळ्यात जुना कौटुंबिक ग्रुप फोटो. मूर्ती आता फुटल्या आहेत, काही पावलांच्या खुणा तेवढ्या दिसतात. पण प्रत्येकाच्या डोक्यावर नाव कोरलेलं होतं, म्हणून दोन हजार वर्षांनंतरही सिमुक, नागनिका, सातकर्णी कोण कुठे उभे होते हे सांगता येतं. तिथे चेहरे गेले आणि नावं राहिली. आपल्या अल्बममध्ये चेहरे आहेत आणि नावं नाहीत. आजी गेली की मागच्या रांगेतली डावीकडून तिसरी बाई कोण, हे सांगणारं कुणी उरत नाही.

या दिवाळीत अल्बम काढाल तेव्हा घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला शेजारी बसवा. मऊ शिसपेन्सिलीने, न दाबता, फोटोच्या मागे नावं लिहा. मधल्या दोघांची नंतर लिहिली तरी चालतील. सुरुवात कडेपासून करा.

त्या बाईच्या आईचा फोटो मी मोठा करून दिला. मागे नाव लिहायला पेन्सिल घेतली आणि विचारलं, तेव्हा कळलं की तीस वर्षांत ते नाव मला कुणी सांगितलंच नव्हतं. लेकीने सांगितलं, मी लिहिलं. पैसे घेतले नाहीत. घेण्यासारखं काही उरलं नव्हतं.