‘ओगासावारा मारू’ ते ‘आंग्रिया’

जपानच्या ओगासावारा बेटांवर आजही विमानतळ नाही. टोकियोपासून ही बेटं सुमारे १,००० किलोमीटर दूर आणि जायची वाट एकच, समुद्राची. १९९७ पासून २०१६ पर्यंत ही वाट ‘ओगासावारा मारू’ या १३१ मीटर लांबीच्या बोटीनं राखली. टोकियोहून निघाली की साडेपंचवीस तासांनी ती चिचिजिमाला लागायची. माणसं, टपाल, किराणा, सगळं तिच्यातूनच यायचं. ती परत निघाली की बेटावरच्या होड्या तिच्या सोबतीनं धावत आणि निरोप द्यायला माणसं होड्यांवरून थेट समुद्रात उड्या टाकत.

जत तालुक्यातल्या ज्या वाडीला दिवसाकाठी एकच एसटी येते, तिला ही माया समजावून सांगावी लागत नाही.

२०१६ साली ‘ओगासावारा मारू’च्या जागी मोठी बोट आली आणि जुनी भारतात आली. डागडुजी होऊन १०४ खोल्या, उपाहारगृहं, पोहण्याचा तलाव असा थाट चढला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ती ‘आंग्रिया’ नावानं मुंबई-गोवा मार्गावर धावू लागली. हे नाव सरखेल कान्होजी आंग्रे यांचं आणि विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटरवर पाण्याखाली असलेल्या प्रवाळांच्या पठाराचंही.

मार्ग मात्र जुनाच होता. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ या बोटींनी याच किनाऱ्यावरून चाकरमान्यांच्या पिढ्या नेल्या-आणल्या. धक्का नसलेल्या बंदरात बोट खोल पाण्यात थांबे आणि ट्रंका, पोरंबाळं, म्हातारीकोतारी सांभाळत उतारू पडावात उतरत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ही वाहतूक थांबली. पुढे १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली.

‘आंग्रिया’नं तीच वाट पुन्हा उघडली, पण सहलीसाठी. मुंबई सोडली की दुसऱ्या दिवशी सकाळी थेट गोवा. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याच्या उतारूला तिचा उपयोग नव्हता. मार्च २०२० मध्ये करोनाची टाळेबंदी आली, पर्यटन ठप्प झालं आणि तिच्या फेऱ्याही थांबल्या.

बेटावर तिच्यावाचून लोकांचं अडत होतं, म्हणून ती एकोणीस वर्षं चालली. इथं तिच्यावाचून कुणाचंच अडलं नाही. किनाऱ्यावर पुन्हा बोट आणायची असेल, तर ती मधल्या बंदरांत थांबली पाहिजे आणि तिच्यात साध्या माणसाला परवडणारं डेकचं तिकीट पाहिजे.