बारावीचे रसायनशास्त्र शेतकऱ्याच्या दारात



मुलगी बारावी सायन्सला गेली, की दुधाचे पैसे क्लासच्या फीकडे वळतात. रसायनशास्त्राचे जाड पुस्तक पाहून मात्र आपण म्हणतो, "आम्हा अडाण्यांना त्यातले काय कळणार?" असे म्हणू नका. त्या पुस्तकातले पुष्कळसे आपण रोज हाताळतो, फक्त त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते.

बोर्डो मिश्रणाचेच पहा. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात आणि १ किलो कळीचा चुना ५० लिटर पाण्यात वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करतात. भांडे लोखंडी नको, प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्यावे, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. का? लोखंड हे तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील. ते मोरचुदातले तांबे बाहेर काढते आणि स्वतः झिजते. म्हणूनच मिश्रणात घासलेला विळा बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर चढला, तर मोकळे तांबे शिल्लक आहे. पाने करपतील, आणखी चुना घाला. बारावीच्या पुस्तकात 'विद्युत रसायनशास्त्र' या प्रकरणात हेच आहे.

दुसरे उदाहरण. प्रयोगशाळेत क्षार ओळखताना तो कॉस्टिक सोड्याबरोबर तापवतात. अमोनियाचा झणझणीत वास आला, की क्षारात अमोनियम आहे असे ठरते. अमोनियम सल्फेटचे खत चुन्यात मिसळाल तर हीच क्रिया तुमच्या बांधावर घडते. नत्र हवेत जाते आणि गोणीचे पैसेही.

आता विठ्ठलवाडीकडे या. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून येणारी वालधुनी नदी उल्हासनगर, विठ्ठलवाडी करत कल्याणकडे जाते. तिच्या काठी कारखाने वाढले आणि पाण्याचा रंग बदलला. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात या नदीत रसायन सोडले गेले आणि शेकडो लोकांना श्वासाच्या त्रासाने रुग्णालय गाठावे लागले. कोणत्या रसायनात काय मिसळले की विषारी वायू निघतो, हे जाणणारे माणूस अशा वेळी गावाला हवे असते.

सल्फाइडच्या क्षारावर आम्ल टाकले, की कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड वायू. तो हवेपेक्षा जड असल्याने नाल्यात, खड्ड्यात, जुन्या विहिरीत तळाशी बसतो. प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. वास थांबला म्हणजे वायू गेला, असे मुळीच नाही. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात, ते यामुळेच. वर्गात हा धडा नीट शिकलेली मुलगी बापाचा हात धरून त्याला विहिरीत उतरण्यापासून थांबवू शकते.

म्हणून पालकांनी एवढे करावे. बारावीला रसायनशास्त्राच्या १०० गुणांपैकी ३० प्रात्यक्षिकाचे आहेत. क्लासच्या नादात प्रयोगशाळा बुडत असेल, तर कॉलेजात जाऊन चौकशी करा. जर्नल दुसऱ्याचे पाहून उतरवलेले आहे की स्वतः प्रयोग करून लिहिले आहे, हे घरात बसून विचारा. "आज काय केलेस? रंग कसा बदलला?" एवढा प्रश्न पुरे. त्यासाठी आपल्याला सूत्रे यायला नकोत. खताची गोणी, फवारणीच्या औषधाची चिठ्ठी तिच्यापुढे ठेवा आणि वाचून समजावायला सांगा. युरियात ४६ टक्के नत्र, तर ४५ किलोच्या गोणीत किती? उत्तर पावणेएकवीस किलोच्या आसपास येते. असा हिशेब घरी झाला, की पुस्तकातले द्रावणांचे प्रकरण सोपे वाटू लागते.

पुढे कृषी पदवीला जायचे, तर सीईटीतही रसायनशास्त्र आहेच. पण गुण कमी पडले, तरी समजून शिकलेले वाया जात नाही. ते शिवारात उपयोगी पडते आणि प्रसंगी जीवही वाचवते.