'इरावती' : एका विरळ स्त्रीनामाचा उगम आणि प्रवास

प्रास्ताविक

व्यक्तिनामांचा अभ्यास हा भाषाशास्त्र, समाजशास्त्र आणि सांस्कृतिक इतिहास यांच्या सीमारेषेवरचा विषय आहे. मराठीत आडनावांविषयी जितके लेखन झाले तितके स्त्रियांच्या पहिल्या नावांविषयी झालेले नाही. त्याचे एक कारण उघड आहे. आडनाव टिकते, स्त्रीचे पहिले नाव मात्र अनेक जातींत आणि कुटुंबांत विवाहाच्या दिवशीच बदलत असे. टिकणारच नाही अशा गोष्टीचा इतिहास कोण लिहिणार? प्रस्तुत लेखात 'इरावती' या एकाच नावाचा मागोवा घेतला आहे. हे नाव सर्वांना परिचित आहे, पण ते धारण करणाऱ्या स्त्रिया थोड्या आहेत. मराठी वाचकाला ते ऐकताच एकच व्यक्ती आठवते, ती म्हणजे समाजशास्त्रज्ञ व लेखिका इरावती कर्वे (१९०५–१९७०). एखादे नाव एकाच व्यक्तीशी इतके जोडले जावे आणि तरीही त्याचा प्रसार होऊ नये, ही बाब विचारात घेण्याजोगी आहे.

शब्दाची घडण

'इरा' या संस्कृत शब्दाचे अर्थ पेय, जल, अन्नरस, पुष्टी देणारे द्रव्य असे आहेत. वैदिक 'इळा' अथवा 'इडा' याच्याशी त्याचे नाते कोशकार जोडतात. त्याला 'मतुप्' प्रत्यय लागून व स्त्रीलिंगी ईकार येऊन 'इरावती' हे रूप सिद्ध होते. अर्थ, जिच्यापाशी विपुल जल व अन्न आहे ती. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील एका विष्णुसूक्तात हे विशेषण द्यावापृथिवींना लावलेले आढळते. तेथे ते कोणा नदीचे अथवा स्त्रीचे नाव नाही. आकाश आणि धरती अन्नवती असोत, एवढाच त्याचा आशय आहे.

विशेषणाचे विशेषनाम झाले ते नदीच्या संदर्भात. दाशराज्ञ युद्धामुळे प्रसिद्ध असलेल्या परुष्णी नदीला इरावती म्हणतात असे यास्काने निरुक्तात नोंदविले आहे. ग्रीक लेखकांनी तिला 'हायड्राओटीस' म्हटले आणि आज लाहोरजवळून वाहणारी रावी ती हीच. 'इरावती'तील आद्य स्वर व पुढे 'त' झिजून 'रावी' उरली. हा बदल प्राकृताच्या नियमांना धरून आहे.

वाङ्मयातील इरावती तीन ठिकाणी ठळकपणे भेटतात. रामायणाच्या अरण्यकांडातील वंशकथनात भद्रमदेची कन्या इरावती ही ऐरावत हत्तीची माता आहे. भागवतात उत्तराची कन्या इरावती परीक्षिताची पत्नी व जनमेजयाची माता होते. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकात इरावती ही अग्निमित्राची धाकटी राणी आहे. तिसऱ्या अंकात ती मद्याच्या अमलात रंगमंचावर येते आणि राजाचा प्रेमप्रसंग उघडकीस आल्यावर त्याच्यावर मेखला उगारते. नाटकातील सर्वांत जिवंत पात्र बहुधा हेच असावे. पण मुलीचे नाव ठेवताना बारशाला जमलेल्या मंडळींनी डोळ्यांपुढे आणावे असे ते नव्हे. हिंदीत जयशंकर प्रसाद यांची अपूर्ण राहिलेली अखेरची कादंबरी 'इरावती' याच नावाची आहे.

एवढी प्राचीन परंपरा असूनही या आधारांवर मराठी घरांत हे नाव रूढ झाले असे दिसत नाही. सीता, सावित्री, रुक्मिणी, द्वारका यांच्यामागे कथा, व्रत किंवा तीर्थ उभे आहे. इरावतीच्या नावाने ना व्रत, ना कहाणी, ना देऊळ. पोथीत असलेले प्रत्येक नाव पाळण्यात येतेच असे नाही.

ब्रह्मदेशाची नदी

इरावती कर्वे यांचे नाव या पोथ्यांतून आलेले नाही. १५ डिसेंबर १९०५ रोजी त्यांचा जन्म ब्रह्मदेशातील म्यिंज्यान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे कापसाच्या कंपनीत नोकरीस होते. म्यिंज्यान हे मध्य ब्रह्मदेशातील कोरड्या, कापूस पिकविणाऱ्या पट्ट्यातील नदीकाठचे गाव. ज्या नदीच्या काठी मुलगी जन्मली तिचेच नाव तिला देण्यात आले.

ती नदी म्हणजे ब्रह्मदेशाची जीवनवाहिनी इरावदी. तिचे ब्रह्मी लिपीतील लेखन अक्षरशः वाचल्यास 'एरावती' होते. मात्र ब्रह्मी उच्चारात 'र'चा 'य' होत असल्यामुळे ऐकू येते ते 'एयावदी'. इंग्रजांनी आपल्या कानाने टिपलेल्या रूपावरून ते नकाशात 'इरावडी' असे रूढ केले; १९८९ मध्ये ब्रह्मदेशाच्या शासनाने रोमन लेखन मूळ उच्चाराजवळ नेले. याचा अर्थ असा की, भारतीय शब्द पालीसंस्कृताच्या आणि बौद्ध धर्माच्या वाटेने पूर्वेकडे गेला, तेथल्या नदीला चिकटला आणि काही शतकांनी एका चित्पावन कुटुंबाबरोबर पुण्याला परत आला. आपल्याच घरातून गेलेले भांडे शेजारणीकडून नव्या कल्हईसह परत यावे तसा हा प्रकार आहे. मराठीत या नदीसाठी 'ऐरावती' हेही रूप वापरलेले आढळते. पण मुलीच्या नावाने संस्कृत वळण स्वीकारले.

त्या काळी मराठी माणसाला ब्रह्मदेश फार परका नव्हता. १८८५ च्या युद्धानंतर तो ब्रिटिश हिंदुस्थानास जोडला गेला व १९३७ पर्यंत त्याचा भाग राहिला. पदच्युत थिबा राजाला रत्नागिरीस आणून ठेवण्यात आले आणि १९१६ मध्ये तो तेथेच मरण पावला. उलट दिशेने लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ या काळात मंडालेच्या तुरुंगात होते. 'गीतारहस्य' तेथेच लिहिले गेले. मंडाले शहरही याच नदीच्या काठी आहे. राजा कोकणात, लोकमान्य मंडालेत आणि नदीचे नाव घेऊन आलेली मुलगी पुण्याच्या हुजूरपागेत, अशी ही त्या दशकांतील देवाणघेवाण.

नदीनामे आणि धर्मशास्त्र

मुलीला नदीचे नाव देणे महाराष्ट्राला नवे नाही. गोदावरी, कृष्णा, यमुना, गंगा, भागीरथी, नर्मदा, सरस्वती, सिंधू या नावांनी मागील पिढ्यांची घरे भरलेली होती. गंमत अशी की, स्मृतिकारांना हे मुळीच पसंत नव्हते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात विवाहास वर्ज्य मुलींची यादी आहे. तीत नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, सर्प यांची नावे धारण करणाऱ्या मुली येतात. पारस्कर गृह्यसूत्राच्या मते मुलीचे नाव विषम अक्षरांचे, आकारान्त आणि तद्धितान्त असावे. 'इरावती' चार अक्षरी आहे, ईकारान्त आहे आणि नदीवाचकही आहे. तद्धिताची तेवढी अट ती पुरी करते. 'गोदावरी'ची स्थिती याहून बरी नाही. तरीही लोकांनी मुलींना नद्यांची नावे दिली आणि त्यांचे विवाहही झाले. आचार ग्रंथाच्या मागे चालतो हे गृहीतक येथे तरी टिकत नाही.

परंतु या नद्यांचे पुढे काय झाले? येथे प्रश्न केवळ व्युत्पत्तीचा राहत नाही. आनंदीबाई जोशी यांचे माहेरचे नाव यमुना होते. गोपाळरावांशी विवाह झाल्यावर त्या आनंदी झाल्या. रमाबाई रानडे याही माहेरच्या यमुनाच. १८७३ मध्ये न्यायमूर्तींशी विवाह झाला आणि कुर्लेकरांची यमुना रानड्यांची रमा झाली. लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. ही नदी नव्हे, पण काशीचे तीर्थ. तबकात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवे नाव लिहावयाचे आणि त्या क्षणापासून मुलीने त्या नावाला ओ द्यावयाची, असा तो विधी होता. हे सर्व विवाह सुधारकांच्या अथवा शिक्षणप्रेमी पुरुषांच्या घरचे आहेत हे विसरता येत नाही. बायकोला शिकविण्यासाठी समाजाचा रोष पत्करणाऱ्यांनाही तिचे नाव बदलण्यात काही खटकले नाही.

सर्वांत बोलके उदाहरण कर्वे घराण्यातलेच आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. त्या विवाहाने कोकणात व पुण्यात वादळ उठले. गोदूबाई त्या दिवसापासून आनंदीबाई झाल्या; 'माझे पुराण' हे आत्मकथन त्यांचेच. त्यांचे चिरंजीव दिनकर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक व पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि त्यांच्याशी इरावती करमरकर यांचा विवाह झाला. सासूचे गोदावरी हे नाव कर्व्यांच्या उंबरठ्यावर थांबले. सुनेची इरावती मात्र आत आली आणि अखेरपर्यंत राहिली. दोन विवाहांमधील तीन-साडेतीन दशकांत काय बदलले याचे मोजमाप या एका तपशिलात मिळते. आडनाव बदलले, हेही अर्थात खरे.

नाव आणि ओळख

१९३० मध्ये बर्लिन येथे डॉक्टरेट, १९३९ पासून डेक्कन कॉलेजात अध्यापन व संशोधन, १९५३ मध्ये भारतातील आप्तसंबंधांवरील ग्रंथ आणि 'युगान्त'साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार, ही त्यांची कारकीर्द सुपरिचित आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो त्यांचा 'परिपूर्ती' हा ललित लेख. एका सभेत लेखिकेची ओळख करून दिली जाते ती अमक्यांची कन्या, तमक्यांची सून आणि पत्नी म्हणून. ओळख अपुरी राहिल्याची रुखरुख तिला लागते. ती मिटते ती रस्त्यावर एक शाळकरी मुलगा तिच्याकडे बोट दाखवून आपल्या वर्गातल्या कर्व्याची ती आई आहे असे सांगतो तेव्हा. हा लेख पुष्कळदा मातृत्वाचा गौरव म्हणून वाचला जातो. तसे वाचन चूक नाही; परंतु या साऱ्या ओळखींत तिचे स्वतःचे नाव कोठेच येत नाही, याकडे दुर्लक्ष करणे कठीण आहे. आप्तसंबंधांच्या संज्ञा आयुष्यभर गोळा करणाऱ्या संशोधिकेच्या ते ध्यानात आले नसेल असे मानवत नाही. लेखातील सौम्य विनोदाखाली ही जाणीव आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

त्यांच्याच वर्षी, १९०५ मध्ये, जन्मलेल्या बाळूताई खरे यांचे उदाहरण शेजारी ठेवावे. अविवाहित शिक्षित स्त्रीच्या मनातले लिहिण्यासाठी त्यांना १९३३ मध्ये 'विभावरी शिरूरकर' हे नाव पांघरावे लागले. विवाहानंतर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. एका स्त्रीची तीन नावे आणि दुसरीचे एकच.

प्रसाराचा प्रश्न

इरावतीबाईंच्या कीर्तीनंतर हे नाव सुशिक्षित मराठी घरांत तुरळक दिसू लागले. चित्रपट व दूरचित्रवाणीवरील अभिनेत्री इरावती हर्षे यांच्यामुळे ते पुढील पिढीलाही परिचित झाले. तरी ते विरळच राहिले. याला ध्वनीही कारणीभूत असावा. चार अक्षरे, दोन दीर्घ स्वर आणि हाक मारण्यास सोयीचे लघुरूप 'इरू'. कर्वे यांना घरी असेच म्हणत, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी चरित्राचे शीर्षकही तेच आहे. दोन अक्षरी नावांकडे झुकलेल्या आजच्या शहरी पालकांनी 'वती' गाळून 'इरा' उचलले आहे. वर्तमानपत्रांत मात्र 'इरावती' हा शब्द आज अधिक वेळा येतो तो चिलिका सरोवरातील डॉल्फिनच्या संदर्भात. ब्रह्मदेशाच्या त्याच नदीवरून त्या जातीला हे नाव मिळाले आहे.

नावाच्या शासकीय नोंदीतही अलीकडे बदल झाला आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम बंधनकारक करण्यात आला. विवाहित स्त्रीच्या नावापुढे पतीचे नाव लावण्याची पूर्वीची पद्धत मात्र चालू ठेवली आहे. आईचे पहिले नाव आता अपत्याच्या नोंदीचा भाग झाले असल्याने ते विवाहाच्या वेळी बदललेले असेल, तर मुलाच्या दाखल्यावर कोणती आई लिहावयाची, माहेरची यमुना की सासरची आनंदी, हा प्रश्न आता कार्यालयातील खिडकीपाशी उभा राहणार आहे.