जेवून किती वेळ झाला? वजनाच्या ऑपरेशननंतरचं ‘डम्पिंग’

लग्नाची पंगत बसलेली असते. वजन कमी करण्याचं ऑपरेशन होऊन काही महिने झालेली एखादी बाई आग्रहाखातर दोन जिलब्या खाते, वर वाटीभर मठ्ठा पिते. पानावरून उठेपर्यंत तिला दरदरून घाम फुटतो, छाती धडधडू लागते, पोटात मुरडा येतो आणि तिथंच आडवं व्हावंसं वाटतं. नातेवाईक धावतात. “शुगर उतरली, साखरपाणी द्या लवकर!” साखरपाणी पोटात जातं आणि त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढतो.

मदत मनापासून केलेली असते, पण ती उलटी पडते. जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत असं झालं, तर रक्तातली साखर बहुधा उतरलेली नसतेच. ती चढत असते. या त्रासाला ‘डम्पिंग सिंड्रोम’ म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत. दोन्हींत घाम, धडधड आणि चक्कर सारखीच, उपाय मात्र एकमेकांच्या विरुद्ध. त्यामुळे सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारायचा: जेवून किती वेळ झाला?

बालाघाट, वारासिवनी, कटंगीकडच्या माणसाने हा फरक स्वतः ओळखणं जास्त गरजेचं आहे. ऑपरेशन होतं नागपूरला, रायपूरला किंवा जबलपूरला. सर्जन तिथेच राहतो आणि रुग्ण घरी येतो. रात्री नऊ वाजता घाम फुटला तर जवळ असतात घरची माणसं आणि गल्लीतला डॉक्टर. नितीन गडकरींनी 2011 मध्ये मुंबईत असं ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा ‘बॅरिएट्रिक’ हा शब्द विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या आपल्या भागात अनेकांनी पहिल्यांदा ऐकला. ऑपरेशनची माहिती तेव्हापासून बरीच पसरली. त्यानंतर खायचं काय आणि कसं, ही माहिती मात्र मागेच राहिली.

आधी पोटात काय बदलतं ते पाहू. जठराच्या तळाशी स्नायूचं एक दार असतं. धुटीच्या बंधाऱ्यावरून कालव्यात पाणी सोडताना जसं बेताबेतानं सोडतात, तसं हे दार घुसळलेलं अन्न थोडं थोडं लहान आतड्यात सोडतं. बायपासमध्ये जठराची साधारण 30 मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, म्हणजे हे दार वाटेतून बाजूलाच होतं. मग गोड, पातळ अन्न एकदम आतड्यात कोसळतं. त्यातली साखर विरळ करण्यासाठी रक्तातलं पाणी आतड्यात ओढलं जातं, आतड्यातली संप्रेरकं भराभर सुटतात. पोट फुगतं, जुलाब होतात, रक्तदाब खाली येतो आणि हृदय धावू लागतं. हे लवकरचं डम्पिंग; जेवणानंतर दहा मिनिटांपासून तासाभरात होणारं.

उशिराचं डम्पिंग एक ते तीन तासांनी होतं. साखर आतड्यातून झपाट्याने रक्तात शिरते, त्याला उत्तर म्हणून इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि साखर खरोखरच खाली येते. हात थरथरतात, कडकडून भूक लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलणं असंबद्ध होतं. साखरपाण्याची गरज असते ती इथे.

हा आजार बॅरिएट्रिक सर्जरीबरोबर आला, असं पुष्कळांना वाटतं. तो त्याहून बराच जुना आहे. आर्थर हर्ट्झ या ब्रिटिश डॉक्टरने 1913 मध्येच जठराच्या ऑपरेशननंतरच्या या तक्रारी नोंदवल्या होत्या. ‘डम्पिंग’ हे नाव रूढ झालं 1922 नंतर. वजनासाठीचा बायपास अमेरिकेत आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी सुरू केला, तो 1966 च्या सुमाराचा. आपल्याकडे आम्लता कमी करणारी आजची औषधं येण्याआधी अल्सरसाठी पोटाची ऑपरेशनं सर्रास होत. ज्या घरातल्या आजोबांचं असं ऑपरेशन झालं होतं, त्या घरात जेवणानंतर त्यांना आडवं का व्हावं लागे, हे आता कळू शकेल. अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतरही हा त्रास होतो.

“माझी स्लीव्ह झाली आहे, मला हे होणार नाही,” हे वाक्य बरेचदा ऐकू येतं. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात, तळाचं दार जागेवर राहतं. म्हणून त्रास बायपासपेक्षा कमी आढळतो, पण शून्य नाही. उरलेली नळी अरुंद असते, तिच्यात दाब वाढतो आणि अन्न ठरल्यापेक्षा लवकर पुढे सरकतं. उलट, बायपास झालेल्या प्रत्येकाला डम्पिंग होतंच असंही नाही. अनेकांना कधीच होत नाही.

काळाच्या बाबतीतही असाच घोटाळा होतो. लवकरचं डम्पिंग पहिल्या काही महिन्यांत जाणवतं आणि खाणं सुधारलं की बहुतेकांचं ओसरतं. ते ओसरलं म्हणजे प्रकरण मिटलं असं समजून माणूस निर्धास्त होतो. पण उशिरा साखर पडण्याचा त्रास बहुधा वर्ष उलटल्यावर, कधी दोन-तीन वर्षांनी डोकं वर काढतो. तोवर सर्जनकडे जाणं बंद झालेलं असतं, म्हणून या चकरेचा त्या ऑपरेशनशी संबंध कुणी लावतच नाही. 2005 मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी बायपासनंतर जेवण झाल्यावर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरणारे 6 रुग्ण एका शोधनिबंधात मांडले, तेव्हा जगभरच्या डॉक्टरांचं याकडे नीट लक्ष गेलं.

आता गुळाकडे वळू. “साखर बंद केली, गूळच खातो,” हा आपल्याकडचा सर्वांत हट्टी गैरसमज असावा. गुळात लोह आणि काही क्षार असतात हे खरं, पण त्याचा मोठा हिस्सा ती साखरच असते. मध, खजूर, उसाचा रस, आंब्याचं पन्हं, डबाबंद फळांचा रस, सगळ्यांची गोष्ट तीच. मोहफुलांना आपल्या जिल्ह्यात फार मान आहे, आणि तो रास्तच आहे. पण सुकलेल्या मोहफुलात निम्म्याहून अधिक साखर असते. आतडं साखर कुठल्या झाडाची हे बघत नाही. ती किती आहे आणि किती वेगाने आली, एवढंच त्याला कळतं.

या वेगामुळेच आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. पदार्थ गोड नसला की चालतो, असं नाही. कोदो-कुटकी हे उत्तम धान्य, पण त्याची पातळ पेज वाटीभर प्यायली तर ती भाकरीपेक्षा फार लवकर आतड्यात पोचते. नाचणीचं सत्त्व, साबुदाण्याची खीर, बिस्किटं बुडवून घेतलेला चहा यांचंही तसंच. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मऊ, सुवासिक भाताची आठवण ऑपरेशननंतरही सुटत नाही, सुटायची गरजही नाही. मात्र ताटात आधी उसळ, अंडं, मासळी किंवा पनीर आणि भाजी संपवावी, दोन-चार घास भात शेवटी खावा. रिकाम्या पोटी वरण कालवलेला भात आणि सोबत ग्लासभर पाणी, हा क्रम त्रास ओढवून घेणारा आहे. जेवताना पाणी, मठ्ठा, सोलकढी नको. जेवणानंतर अर्धा तास थांबून घोट घोट प्यावं. दिवसातून दोनदा पोटभर जेवण्याऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं, नीट चावून खावं. लवकरचा त्रास होणाऱ्याने जेवणानंतर अर्धा तास आडवं पडलं तरी फरक पडतो. शतपावलीचा घरचा सल्ला इथे बाजूला ठेवावा लागतो.

‘शुगर-फ्री’ लिहिलेल्या मिठाईवर भिस्त ठेवणारेही फसतात. त्यातल्या काही गोडव्यांनी, विशेषतः सॉर्बिटॉल आणि माल्टिटॉलने, जुलाब होतात आणि पोट फुगतं. काही लाडू तर खजुराने गोड केलेले असतात. डब्यावरची घटकांची यादी वाचल्याशिवाय विश्वास टाकू नये.

काही जण डम्पिंगला चांगलंच मानतात. “गोड खाल्लं की शिक्षा मिळते, म्हणून वजन आटोक्यात राहतं.” कानाला पटणारं वाटतं, पण पुरावा तसं सांगत नाही. डम्पिंग होणाऱ्यांचं वजन न होणाऱ्यांपेक्षा जास्त उतरतं का, हे 2013 च्या एका अमेरिकी अभ्यासात तपासलं गेलं. संबंध सापडला नाही. वारंवार साखर पडणारा माणूस तर भुकेच्या धास्तीने सतत काहीतरी तोंडात टाकत राहतो आणि वजन परत चढतं. हा त्रास सोसून पुण्य लागत नाही. तो सोसत बसण्याचं कारणच नाही.

ऑपरेशनने मधुमेह गेला, म्हणून ग्लुकोमीटर कपाटात टाकायचा, हेही चुकीचं. पुष्कळांची साखर औषधाविना ताब्यात येते हे खरं; काहींची काही वर्षांनी परत चढते. त्याहून तातडीचा धोका जुन्या गोळ्यांचा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिनचा जुना डोस ऑपरेशननंतर तसाच चालू राहिला, तर साखर डम्पिंगशिवायही पडेल. डोस कमी करणं किंवा बंद करणं हे डॉक्टरच्या सल्ल्याने आणि वेळेवर व्हायला हवं. एचबीए1सी चांगला आला म्हणून सगळं आलबेल असंही धरू नये. ती तीन महिन्यांची सरासरी असते. दुपारी 180 वर गेलेली आणि दीड तासाने 50 वर आलेली साखर त्या सरासरीत दडून जाते.

गर्भवतीच्या तपासणीचा मुद्दा तर फारच कमी लोकांना ठाऊक आहे. सरकारी तपासणीत गर्भवतीला 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून देतात आणि दोन तासांनी साखर बघतात. इतर बायकांना ही तपासणी सोयीची आणि उपयोगी आहे. बायपास किंवा स्लीव्ह झालेल्या बाईला मात्र तो ग्लास डम्पिंग घडवू शकतो आणि आकडाही दिशाभूल करतो. तिच्यासाठी 24 ते 28 व्या आठवड्याच्या सुमारास आठवडाभर घरी ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर मोजण्याचा पर्याय आहे. म्हणून नर्सताईंना आणि डॉक्टरला ऑपरेशनचं पहिल्याच भेटीत सांगावं. ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा पुढे ढकलण्याचा सल्ला देतात, तोही पाळावा.

डम्पिंगचं निदान अंदाजाने करावं लागतं, असाही समज आहे. रुग्णालयात ठरावीक ग्लुकोज पाजून देखरेखीखाली तपासणी होते. पहिल्या अर्ध्या तासात नाडी मिनिटाला 10 ने वाढली किंवा रक्ताचा घट्टपणा दाखवणारा हिमॅटोक्रिट 3 टक्क्यांहून वाढला, तर लवकरचं; तासाभरानंतर साखर 50 च्या खाली गेली, तर उशिराचं. घरी याची नक्कल करू नये. घरी करायची ती नोंद: काय खाल्लं, किती वाजता, त्रास किती वाजता झाला आणि त्या क्षणी ग्लुकोमीटरवर आकडा काय होता. अशा आठवडाभराच्या वहीवरून डॉक्टर पुष्कळ ठरवू शकतो.

खाणं बदलूनही उशिराचा त्रास थांबला नाही, तर औषधं आहेत. अकार्बोज ही मधुमेहाची जुनी गोळी जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घेतात. ती पिष्ट आणि साखर पचण्याचा वेग मंदावते. पोटात वायू धरणं हा तिचा उपद्रव. ती चालू असताना साखर पडली, तर चमचाभर साखर किंवा गूळ लवकर कामाला येत नाही, कारण तिचं विघटनच या गोळीने अडवलेलं असतं. तेव्हा शुद्ध ग्लुकोज पावडर लागते. अशा घरात ग्लुकोजचा डबा हाताशी असलाच पाहिजे. फारच हट्टी त्रासासाठी ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शनं देतात. फेरऑपरेशनची वेळ अगदी थोड्यांवर येते.

दारूबद्दल स्पष्ट सांगायला हवं. बायपासनंतर दारू रक्तात लवकर आणि जास्त चढते. तिने साखरही पडते, आणि नशेची लक्षणं व साखर पडल्याची लक्षणं सारखीच दिसतात. मोहाची असो की दुकानातली, पडलेल्या माणसाला ‘चढली आहे’ म्हणून झोपवून ठेवणं जिवावर बेतू शकतं.

आणि सगळंच डम्पिंगच्या खात्यावर टाकायचं नाही. न थांबणारी पोटदुखी, परत परत उलट्या, ताप, काळी शी यांपैकी काहीही असेल, तर जेवणाची वेळ बघत बसू नये. थेट रुग्णालय गाठावं. सतत उलट्या होत राहिल्या तर थायमिन कमी पडून मेंदूला इजा होऊ शकते. लोह, बी-12, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम तर आयुष्यभर घ्यायचं आहे, बरं वाटतंय म्हणून सोडायचं नाही.

ऑपरेशन झालेल्या माणसाने खिशात एक चिठ्ठी ठेवावी: ऑपरेशन कुठलं झालं, कधी झालं, सर्जनचा फोन कोणता, गोळ्या कोणत्या चालू आहेत. घरच्यांनी एवढं पाठ करावं. जेवून तास झालेला नसेल तर गोड काहीही न देता आडवं करायचं आणि साखर मोजायची. आकडा 70 च्या खाली असेल, किंवा तासाहून जास्त वेळ झाला आहे आणि ग्लुकोमीटर हाताशी नाही, तर 15 ग्रॅम ग्लुकोज द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं आणि आकडा वर आला की मूठभर शेंगदाणे किंवा उकडलेलं अंडं द्यायचं, म्हणजे साखर पुन्हा झोका घेणार नाही. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. त्याला कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.