आऊटलूक मध्येच ‘हा मेल पाठवू का?’ असं का विचारतं?

महिनाअखेरीला दोनशे जणांना पगाराच्या स्लिप पाठवायच्या असतील, तर एकेक मेल टाईप करत कोणी बसत नाही. एक्सेलमध्ये नावं आणि पत्ते असतात. छोटासा मॅक्रो आऊटलूकला हुकूम सोडतो आणि ज्याची स्लिप त्याला जाते. पासवर्डही लागत नाही, कारण आऊटलूकमध्ये खातं आधीच जोडलेलं असतं.

सोय हीच आणि धोकाही हाच.

मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’ व्हायरसने वर्ड फाईलमधल्या मॅक्रोतून आऊटलूकला कामाला लावलं आणि पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःची कॉपी पाठवली. ४ मे २००० ला फिलिपिन्समधून ‘आय लव्ह यू’ पसरला. सोबतची ‘लव्ह लेटर’ फाईल उघडली की ॲड्रेस बुकमधल्या सगळ्यांना तेच पत्र जायचं. मेल ओळखीच्याच नावाने यायचा, त्यामुळे लोक बिनधास्त उघडायचे. ब्रिटनच्या संसदेलाही मेल यंत्रणा काही काळ बंद करावी लागली.

त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने पहारा बसवला. बाहेरचा प्रोग्रॅम पत्ते वाचायला किंवा मेल पाठवायला लागला, की आऊटलूक आधी परवानगी मागू लागलं. आऊटलूक २००७ पासून अँटीव्हायरस अपडेटेड असेल, तर सहसा हा प्रश्न येत नाही.

म्हणून स्वतः काहीच पाठवत नसताना ही सूचना आली, तर ‘अलाऊ’ नाही, ‘डिनाय’ दाबा. आणि मॅक्रो स्वतः लिहिला असेल, तर आधी मेल नुसता उघडून बघा. दोनशे जणांना गेलेली चूक परत बोलावता येईलच असं नाही.